पूर्णेचा घाट आणि गाडगेबाबा

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली आणि २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. त्यामुळे आपल्या प्रत्येकाच्या गुणपत्रिकेवर हे नाव छापलेले असते. २० डिसेंबर आला की आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, आवार झाडतो, छायाचित्र काढतो आणि खराटे पुन्हा कोपऱ्यातल्या खोलीत ठेवून देतो. राज्य शासनाच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचेच नाव मिळाले आणि गाडगेबाबा म्हणजे खराटा हे समीकरण पक्के झाले. हे समीकरण खोटे नाही, पण अपुरे आहे असे मला वाटते. बाबांनी आयुष्यभर रस्ते झाडले हे खरे. परंतु झाडलेला रस्ता दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतो. जे टिकले ते त्यांनी उभारलेले घाट आणि धर्मशाळा. गरीब माणसाला चार पैसे न मोजता, कोणाची बोलणी न खाता, अंग धुता यावे आणि रात्री पाठ टेकता यावी, यासाठी हा निरक्षर माणूस पन्नास वर्षे झटला. या लेखात मी त्यांच्या चरित्राकडे याच बाजूने पाहणार आहे.

आंघोळ ही घराच्या चार भिंतींत उरकण्याची गोष्ट आहे, हा समज फार जुना नाही. मी पिंपळगाव राजाची. आमच्या आजीच्या लहानपणी गावात मोरी असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. बाकीचा गाव नदीवर, विहिरीवर, ओट्यावर आंघोळ करी. त्यात आपला मुलूख पूर्णेचा. सातपुड्यात उगम पावलेली ही नदी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून वाहत जाते आणि पुढे चांगदेवला तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. आपल्याकडे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतल्या लोकांना तो वेगळा समजावून सांगायला नको. विहिरीचे पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा मुलुखात गोडे वाहते पाणी म्हणजे चैन नव्हे, ती गरज असते. नदीवरचे स्नान हा तिथे धर्माचा भाग होताच, पण त्याआधी तो पोटापाण्याइतकाच साधा व्यवहार होता. गाडगेबाबांचे काम समजून घ्यायचे तर हे पाणी आधी ध्यानात घ्यायला हवे.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले आणि त्या व्यसनानेच ते अकाली गेले. जातीच्या रिवाजात प्रत्येक कार्याला दारू आणि बकरे लागत, त्यासाठी कर्ज काढावे लागे आणि त्या कर्जातून घर वर येत नसे. वडिलांच्या मृत्यूनंतर सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे या गावी माहेरी आल्या. मामांकडे शेती होती. डेबू गुरे राखू लागला, नांगर धरू लागला. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही.

परीटकामाविषयी येथे दोन शब्द सांगायला हवेत. परटाच्या धंद्यात मळके कपडे खारमातीत भिजवून भट्टीवर चढवतात. खालून जाळ, वरून वाफ. वाफेने मळ सैल होतो आणि मग नदीच्या गार पाण्यात दगडावर आपटून तो निघून जातो. ऊन वाफ आणि गार पाणी या दोहोंचे हे शास्त्र परटाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. सगळ्या गावाचे कपडे उजळ करणाऱ्या या माणसाला मात्र गावात बसायला जागा पायरीपाशी. डेबूच्या वाट्याला भट्टीपेक्षा शेती अधिक आली, पण दुसऱ्याचा मळ धुण्यात कमीपणा नाही ही जाणीव त्याला घरातच मिळाली असावी, असे मानायला हरकत नाही.

मामांच्या शेतीचे पुढे काय झाले ते आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात सांगितल्यासारखे आहे. सावकाराचे देणे वाढत गेले, कागदावर अंगठे होत गेले आणि सोन्यासारखी जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामाही खचून गेले आणि फार दिवस राहिले नाहीत. तरणाबांड डेबू सावकारापुढे ताठ उभा राहिला होता, जमिनीवर ताबा घ्यायला आलेल्या माणसांना त्याने माघारी लावले होते, असे चरित्रकार सांगतात. परंतु कागदापुढे काठी किती काळ चालणार? निरक्षरपणा आणि कर्ज या दोन गोष्टींनी माणूस कसा नागवला जातो हे त्याने स्वतःच्या घरात पाहिले. पुढे ज्या ज्या कीर्तनात बाबांनी मुलांना शाळेत घाला आणि कर्ज काढून सण करू नका असे विनवले, त्या त्या कीर्तनामागे दापुऱ्याचे हे शेत उभे होते.

१८९२ साली डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले. पहिली मुलगी झाली तेव्हा बारशाला जातभाई रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाची वाट पाहत बसले. डेबूजींनी पंगतीत गोडाचे जेवण वाढले. आज आपल्याला ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळात जातपंचायतीची नाराजी ओढवून घेणे म्हणजे आपल्या माणसांत राहून वाळीत पडण्यासारखे होते. पण कर्ज काढून आपल्या मुलीचे बारसे करायचे नाही हे त्यांनी ठरवले होते आणि ते पार पाडले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. बायको, मुले आणि म्हातारी आई मागे राहिली. या गोष्टीकडे डोळेझाक करून त्यांचे चरित्र लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. संतचरित्रांत गृहत्यागाचे वर्णन फार सुंदर केलेले असते, पण चुलीपाशी उरलेल्या बाईचा दिवस कसा गेला हे कोणी लिहीत नाही. कुंताबाईंनी ते दिवस कष्टात काढले आणि पुढे नवऱ्याची कीर्ती महाराष्ट्रभर पसरल्यावरही त्यांच्या राहणीत फरक पडला नाही. बाबांनी उभारलेल्या संस्थांत आपल्या नातेवाइकांचा हक्क राहणार नाही अशी काळजी त्यांनी स्वतःच घेतली होती. हा कठोर न्याय होता. तो योग्य होता की नव्हता याचा निवाडा करणारी मी कोण? पण त्याची किंमत कोणी मोजली हे नमूद व्हायला हवे.

पुढली बारा वर्षे ते हिंडत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी मागायची, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी ते रस्ता झाडायला लागत. भाकरी मागण्याआधी काम करायचे, हा त्यांचा नेम. कोणी वेडा समजून हाकलून देई, कोणी चोर समजून मारी. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावी.

या भटकंतीतच त्यांच्या हातून पहिले मोठे सार्वजनिक काम झाले आणि ते स्नानाचे होते. अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नावाप्रमाणेच समजूत अशी की तेथे स्नान केले म्हणजे माणूस ऋणातून मोकळा होतो. पौष म्हणजे आपल्या वऱ्हाडात कडाक्याच्या थंडीचा महिना. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला, नदीवर धुके, आणि हजारो माणसे कुडकुडत पाण्यात उतरणारी. आमची आजी तरुणपणी एकदा त्या यात्रेला गेली होती. पाण्यात पाय घातला की श्वास कसा छातीत अडके, दोन बुड्या झाल्या की अंगात ऊब कशी येई आणि बायका एकमेकींसाठी लुगड्याचा आडोसा कसा धरीत, हे ती अजून सांगते. थंडीपेक्षा तिला त्या आडोशाची आठवण अधिक आहे.

डेबूजी तिथे जात असत तेव्हा नदीचा काठ म्हणजे निव्वळ चिखलाचा उतार होता. काळी माती, तिच्यावर ओल्या अंगाने चढणारी गर्दी. म्हातारी माणसे घसरून पडत, कडेवरच्या पोरासकट बाया घसरत, स्नान करून वर येईपर्यंत पुन्हा चिखलात माखत. यात्रेकरूंना त्यात काही विशेष वाटत नसे. देवाच्या दारी कष्ट व्हायचेच, अशी सर्वांची समजूत. या एका माणसाला मात्र ते पाहवेना. त्याने कुदळ-फावडे हाती घेतले आणि उतार खणून पायऱ्या पाडायला सुरुवात केली. टोपल्यांनी माती वाहिली, वाट टणक केली. आधी लोक नुसते बघत राहिले, मग एकेक जण टोपली उचलू लागला. पुढे वर्गणी जमली आणि १९०८ च्या सुमारास पूर्णेवर पक्का घाट झाला. ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे एक मडके होते, त्याने हे पहिले बांधकाम उभे केले.

इथे मला एका कोड्याविषयी लिहायचे आहे, कारण या लेखाचा खरा विषय तेच आहे. गाडगेबाबा अंधश्रद्धेचे कडवे विरोधक होते. दगडाच्या देवापुढे बकरे कापणे, नवस, अंगारे, तीर्थात पाप धुतले जाते ही समजूत, या सर्वांवर ते कीर्तनातून सडकून टीका करीत. श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत आणि त्यांच्याच उत्तराने त्यांना हसायला लावीत. मग अशा माणसाने तीर्थाच्या ठिकाणी घाट का बांधावा? पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांच्या गावीच धर्मशाळा का उभाराव्यात? ज्या समजुतीला आपला विरोध आहे तिच्याच सोयी वाढवणे हा विसंवाद नाही काय? आमच्या वर्गातील चर्चेत हा आक्षेप निघाला होता आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

मला त्याचे उत्तर ऋणमोचन या नावातच सापडते. बुडी मारल्याने ऋण फिटत नाही हे त्या चिखलात उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणाला नक्की ठाऊक असेल, तर ते डेबूजीला. मामाची जमीन ज्या कर्जात गेली ते कर्ज कोणत्याही नदीत बुडाले नव्हते. पण घसरून पडणाऱ्या म्हातारीला हे त्या क्षणी सांगून काय उपयोग? तिला आधी हात द्यायला हवा, पायाखाली पायरी द्यायला हवी. तिचे अंग स्वच्छ व्हावे, ती कोरड्या पायांनी वर यावी, आणि मग रात्री कीर्तनात तिला कर्जाची खरी गोष्ट सांगावी, हा बाबांचा क्रम होता. दिवसा खराटा आणि फावडे, रात्री कीर्तन. घाटावर येण्याचे कारण माणसाचे स्वतःचे असते, पण आल्यावर त्याच्या शरीराची जी गरज असते ती सर्वांची सारखी असते. बाबांनी त्या गरजेची सोय केली आणि कारणाशी वाद घातला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करणे मला विसंवादाचे वाटत नाही. उलट सोय न करता नुसता वाद घालणारे सुधारक लोकांना परके का वाटतात, याचे उत्तरही त्यात आहे.

दुसरा प्रश्न याहून कठीण होता. घाट बांधला, पण त्यावर उतरायचे कोणी? त्या काळी पाणवठा ही जातीची सर्वांत कडक सीमा होती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, यावरून त्याची कल्पना यावी. पंढरपूरच्या वारीत अस्पृश्य वारकरी शेकडो मैल चालून येत, आणि चंद्रभागेच्या काठी पोचल्यावर त्यांना रात्री टेकायला छप्पर मिळत नसे. उपाशी, भिजलेले लोक वाळवंटात पडून राहत. गाडगेबाबांनी १९१७ ते १९२० च्या दरम्यान पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभारली ती या लोकांसाठी. महाडच्या आधीची ही गोष्ट आहे.

यावरही एक आक्षेप घेता येतो. वेगळी धर्मशाळा बांधणे म्हणजे वेगळेपण मान्य करणे नव्हे काय? माझ्या मते बाबांनी येथेही आधी छप्पर दिले आणि मग भिंतीशी भांडण केले. त्यांच्या कीर्तनात शिवाशिवीवर जेवढे आघात होत तेवढे क्वचितच कोणी केले असतील. आणि शेवटी त्या वास्तूचे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९४९ साली त्यांनी ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. रात्रीच्या आसऱ्यासाठी बांधलेली इमारत शिक्षणाच्या कामी आली. ज्याला स्वतःला सही करता येत नव्हती त्याने हे केले.

या धर्मशाळांसाठी पैसा कीर्तनातून आणि दानातून येई. बाबा पैशाला हात लावीत नसत. श्रीमंतांकडून लाखांनी घेत आणि स्वतः भाकरीच्या तुकड्यावर राहत. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. पुष्कळ लोक या प्रसंगात वैराग्य पाहतात. मला त्यात कामाचा ध्यास दिसतो, आणि थोडी भीतीही वाटते, हे कबूल केले पाहिजे.

तीर्थक्षेत्रांनंतर त्यांचे लक्ष मुंबईकडे वळले, आणि येथे त्यांची दृष्टी किती आधुनिक होती ते कळते. विसाव्या शतकात खेड्यांतला माणूस मोठ्या शहरात जाऊ लागला तो दोन कारणांनी, पोटासाठी आणि दुखण्यासाठी. दुखणेकऱ्याला रुग्णालयात खाट मिळे, पण त्याच्यासोबत आलेल्या आईने किंवा बायकोने कुठे जावे? हॉटेल परवडत नाही, नातेवाईक नाहीत. मग पदपथावर झोपायचे आणि आंघोळीची तर गोष्टच सोडा. आठ-आठ दिवस अंगाला पाणी न लागलेली माणसे आजाऱ्याच्या उशाशी बसत. १९५० च्या दशकात बाबांनी जे. जे. रुग्णालयाजवळ अशा लोकांसाठी धर्मशाळा उभी केली. शहरातले रुग्णालय हे नवे तीर्थक्षेत्र झाले आहे आणि तिथेही एक घाट लागेल, हे त्यांनी ओळखले होते. त्यांच्यामागे त्यांच्या नावाच्या मिशनने हे काम चालू ठेवले. दादरला कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी असलेली धर्मशाळा आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही पुष्कळांना माहीत आहे. ज्यांच्या घरात ते दुखणे येऊन गेले त्यांना विचारावे. परक्या शहरात सकाळी बादलीभर पाणी आणि कडी लागणारे दार याची किंमत काय असते, ते त्यांना कळलेले असते.

स्नानाची ही सामाजिक बाजू जगात इतरत्रही दिसते. प्राचीन रोममध्ये सार्वजनिक स्नानगृहे होती. तिथे एक दालन उष्ण, एक कोमट आणि एक थंड पाण्याच्या हौदाचे असे, आणि प्रवेशाला सर्वांत लहान नाणे पुरत असे. फिनलंडमध्ये लाकडी खोलीत दगड तापवून घाम काढायचा आणि लगेच गोठलेल्या तळ्यात उतरायचे अशी चाल आहे. २०२० साली युनेस्कोने ती मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. त्या देशाच्या राजधानीत, हेलसिंकीत, २०११ साली काही लोकांनी समुद्राकाठी असे एक स्नानगृह स्वतःच्या हातांनी उभे केले आणि सर्वांना फुकट खुले ठेवले. ही बातमी वाचताना मला ऋणमोचनच्या टोपल्या आठवल्या. आपल्या शेजारी बुऱ्हाणपूरला शाही किल्ल्यात मोगलांचा हमामखाना आहे. रंगीत छताखाली तिथे ऊन-गार पाण्याचे हौद आहेत. सुंदर आहे, पण तो राजघराण्याचा. आपल्याच जिल्ह्यात लोणारला गोमुखातून अखंड पडणारी गार पाण्याची धार आहे. तिच्याखाली कोणीही उभे राहावे. हमामखाना आणि धार यांत जो फरक आहे तोच मला येथे सांगायचा आहे.

बाबांशी मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र लिव्हरपूल शहरातली किटी विल्किन्सन. ती १७८६ साली आयर्लंडमध्ये जन्मली. गरीब, कष्टकरी बाई. १८३२ साली त्या शहरात पटकीची साथ आली तेव्हा आळीत पाणी उकळण्याचे भांडे फक्त तिच्या घरी होते. तिने शेजाऱ्यांना घर मोकळे केले. आठवड्याला एक पेनी द्यावी आणि आजाऱ्यांचे कपडे, अंथरुणे येथे उकळत्या पाण्यात धुऊन न्यावी. रोगजंतूंची कल्पना तेव्हा शास्त्रज्ञांनाही स्पष्ट नव्हती. तिच्या त्या स्वयंपाकघरातून प्रेरणा घेऊन १८४२ साली लिव्हरपूलमध्ये सार्वजनिक स्नानगृह आणि धुण्याची जागा सुरू झाली आणि १८४६ साली इंग्लंडात तसा कायदाही झाला. किटी १८६० साली वारली. गाडगेबाबांनी तिचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. तरी इकडे परटाचा मुलगा आणि तिकडे धुणे धुणारी बाई, दोघांनाही एकच गोष्ट कळली. स्वच्छतेचा उपदेश करण्याआधी स्वच्छ होण्याची जागा द्यावी लागते, आणि ती जागा गरिबाला परवडेल अशीच द्यावी लागते.

बाबांचा शेवटचा काळ प्रवासातच गेला. कर्मवीर भाऊराव पाटील, बाळासाहेब खेर, तुकडोजी महाराज यांच्यासारख्या मोठ्या माणसांशी त्यांचा स्नेह होता. १९५४ साली कऱ्हाडला कर्मवीरांनी काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव दिले गेले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. तो आघात त्यांनी मनाला फार लावून घेतला, असे त्यांच्या जवळची माणसे सांगत. प्रकृती आधीच ढासळलेली होती. अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या परिसरात, वाटेवर असतानाच त्यांचा प्राण गेला. पेढी ही पूर्णेचीच उपनदी. अमरावतीला आज ज्या भागाला गाडगेनगर म्हणतात तिथे त्यांची समाधी आहे.

आता आपल्याविषयी. घरोघरी मोरी झाली, नळ आला, ही चांगलीच गोष्ट आहे. आजीला लुगड्याचा आडोसा धरावा लागला तसा मला धरावा लागत नाही. पण सगळ्यांचीच सोय झाली असे समजायचे कारण नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, वीटभट्टीवरचे मजूर, शहरात खोली न मिळालेला विद्यार्थी, रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेली आई, यांना आजही अंग धुण्यासाठी उजाडण्याआधी उठून आडोसा शोधावा लागतो. त्यात बायकांचे हाल अधिक. दुसरीकडे मोठ्या शहरांत बाष्पस्नान आणि बर्फाच्या पाण्याची बुडी ही नवी चैन झाली आहे, आणि तिचे एका वेळचे शुल्क मजुराच्या दिवसाच्या रोजापेक्षा जास्त असते. ऊन वाफ आणि गार पाणी जे परटाच्या घरी फुकट होते, ते आता काचेच्या दारापलीकडे गेले. कोणी हौसेने पैसे देऊन जात असेल तर त्याच्याशी माझे भांडण नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की दाराच्या अलीकडच्या माणसासाठी घाट कोण बांधणार?

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी सात दिवस गाव झाडतो. ते चालू राहावे. पण पुढच्या शिबिरात एका दिवसाचे झाडणे कमी करून त्या गावातल्या बस थांब्याजवळ, दवाखान्याजवळ किंवा बाजाराच्या ओट्यामागे, बायकांना कडी लावून हातपाय धुता येतील अशी एक जागा बांधायला सुरुवात करावी, असे मी प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना सुचवते. चार पत्रे, दोन पोती सिमेंट, एक पाण्याची टाकी आणि टोपल्या वाहायला आपण सगळे. पैसे कमी पडले तर गावात मागावेत. बाबांनी मागितले होते. पुढच्या २० डिसेंबरला तसबिरीला हार घालण्याआधी निदान त्या जागेचा चौथरा झालेला असावा.